ट्राजनचं नाणं वाचायचं कसं

रोमन सम्राट ट्राजनने इसवी सन 98 ते 117 अशी एकोणीस वर्षं राज्य केलं. रोमन साम्राज्याचा नकाशा त्याच्याच काळात सर्वांत मोठा झाला. पण या कारकिर्दीचा सलग वृत्तांत लिहिणारा समकालीन इतिहासकार आज उपलब्ध नाही. सम्राटाने स्वतः डेशियाच्या (आजच्या रोमानियाचा भाग) युद्धावर लिहिलेल्या ग्रंथातलं एक त्रोटक वाक्य तेवढं उरलं. इसवी सन 100 मधलं प्लिनीचं स्तुतिपर भाषण आणि त्याची पत्रं आहेत. कॅशियस डिओने शंभर वर्षांनी लिहिलेला इतिहासही आहे, पण या भागापुरता तो मध्ययुगात केलेल्या संक्षेपातूनच आपल्याला मिळतो. म्हणून या सम्राटाच्या कारकिर्दीचा क्रम लावताना शिलालेखांच्या जोडीला नाण्यांचा मोठाच आधार घ्यावा लागतो. नाणं संग्रहालयातलं असो, लिलावाच्या छायाचित्रातलं असो की हातातलं, ते कोणत्या वर्षातलं आहे हे पुष्कळदा बऱ्यापैकी अचूक ठरवता येतं.

तयारी मोठी नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, एक टेबललॅम्प, कागद आणि पेन्सिल. नाणं नेहमी कडेने धरायचं आणि खाली जाड टॉवेल पसरून ठेवायचा. उजेड वरून पाडू नका. दिवा एका बाजूला, टेबलापासून थोडाच वर ठेवा, म्हणजे किरण नाण्यावरून जवळजवळ आडवे जातील. मग नाणं हळूहळू फिरवा. झिजलेलं अक्षर एका कोनातून अजिबात दिसत नाही आणि पाव फेरा फिरवल्यावर त्याची सावली उमटते. फोटोवरून काम करायचं असेल तर उजेड चार दिशांनी टाकून चार फोटो घ्या. एकाच फोटोवर विसंबलं की आकडा चुकतो, आणि या नाण्यांत सगळी मदार आकड्यावरच आहे.

आधी धातू, वजन आणि आकार

बहुतेकदा हाताशी येतो तो चांदीचा डिनॅरियस. व्यास साधारण 17 ते 19 मिलिमीटर आणि वजन 3.2 ते 3.4 ग्रॅमच्या आसपास. नीरोने इसवी सन 64 च्या सुमारास एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे 327 ग्रॅम चांदीतून, 96 डिनॅरियस पाडायला सुरुवात केली. ऑगस्टसच्या वेळी ते 84 पडत. ट्राजनची टांकसाळ नीरोच्याच मापाजवळ राहिली. चांगलं झिजलेलं नाणं 2.8 ग्रॅमपर्यंत उतरतं. त्याहून बरंच हलकं भरलं तर शंका घ्यायची. का ते पुढे येईलच.

सोन्याचा ऑरियस सुमारे 7.2 ग्रॅमचा आणि 25 डिनॅरियस किमतीचा. एका डिनॅरियसचे चार सेस्टर्शियस होत. सेस्टर्शियस हे पितळेचं मोठं, जाड नाणं. त्याचा व्यास 33 ते 35 मिलिमीटर आणि वजन 25 ग्रॅमच्या घरात असतं. त्याखाली डुपॉन्डियस आणि अ‍ॅस. ही दोन्ही नाणी साधारण एकाच आकाराची, त्यामुळे गोंधळ होतो. डुपॉन्डियस पितळेचं असून त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकेरी मुकुट असतो. अ‍ॅस तांब्याचं आणि त्यावर पानांची माळ असते. धातू काळवंडलेला असला तर रंगावर जाऊ नका, मुकुट पाहा. पितळ-तांब्याच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला एस आणि सी ही दोन अक्षरं असतात, ‘सिनेटच्या ठरावाने’ या अर्थाची. सोन्या-चांदीवर ती सहसा नसतात.

चेहरा

ट्राजनचा चेहरा ओळखायला सोपा आहे. केस कपाळावर सरळ खाली विंचरलेले, दाढी नाही, ओठ पातळ, मान लांब, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ आणि तिच्या फितीची टोकं मानेमागे सुटलेली. पण फक्त नावावर जाऊ नका. त्याचा वारस हेड्रियन याच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ट्राजनचं नाव तर आहेच, शिवाय ‘ऑप्टिमस’, ‘गेर’ आणि ‘दाक’ ही ट्राजनची बिरुदंसुद्धा आहेत. अर्धा झिजलेला लेख वाचून असं नाणं ट्राजनचं ठरवलं जातं. तिथे दाढी पाहायची. दाढी असेल तर नाणं 117 नंतरचं आणि हेड्रियनचं. दुसरी चूक चांदीच्या नाण्यावर टोकेरी मुकुट आणि ‘ट्राजन’ हे नाव एकत्र दिसल्यावर होते. असं नाणं तिसऱ्या शतकातलं. ते ट्राजन डेशियस (249 ते 251) या सम्राटाचं असतं, किंवा त्याच्या काळात जुन्या दैवत ठरलेल्या सम्राटांच्या नावाने काढलेल्या मालिकेतलं. आपल्या ट्राजनच्या डिनॅरियसवर टोकेरी मुकुट नसतो.

लेख

लेख सम्राटाच्या खांद्यामागे, म्हणजे डावीकडे खाली सुरू होतो, घड्याळाच्या काट्यासारखा डोक्यावरून फिरतो आणि उजवीकडे छातीपुढे संपतो. अक्षरांचे पाय नाण्याच्या मध्याकडे असतात. शब्दांमध्ये जागा बहुधा सोडलेली नसते, त्यामुळे सलग अक्षरमाळ आपल्यालाच तोडावी लागते. ‘यू’साठी ‘व्ही’ हेच अक्षर आहे.

सर्वांत जास्त भेटणारा दर्शनी लेख तीस अक्षरांचा आहे. तोडून वाचला तर असा: इंप / त्रायानो / आउग / गेर / दाक / पीएम / टीआरपी / कॉस व्ही / पीपी. इंप म्हणजे इंपेरातोर, आउग म्हणजे ऑगस्टस. गेर आणि दाक ही जर्मेनिया आणि डेशियावरच्या विजयाची बिरुदं. पीएम हे मुख्य धर्माधिकाऱ्याचं पद, टीआरपी हा ट्रिब्यूनचा (जनतेच्या प्रतिनिधीचा) अधिकार, कॉस म्हणजे कॉन्सल हे रोमचं सर्वोच्च वार्षिक पद आणि पीपी म्हणजे देशाचा पिता. नावाला शेवटी ‘ओ’ लागलेला आहे, कारण हे वाक्य मागच्या बाजूला पुरं होतं: ‘सिनेट आणि रोमन जनता यांच्याकडून, सर्वोत्तम शासक ट्राजनला’. सुरुवातीच्या वर्षांतल्या नाण्यांवर ‘ओ’ नसतो, नाव कर्त्याच्या रूपात येतं आणि त्याआधी ‘नेर्वा’ हे आधीच्या सम्राटाचं नाव असतं. ‘ओ’ दिसला की नाणं बहुतांशी 103 नंतरचं समजायला हरकत नाही.

ट्रिब्यूनचा अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई. इतर अनेक सम्राटांच्या नाण्यांवर टीआरपीपुढे आकडा असतो आणि वर्ष तिथेच मिळतं. ट्राजनच्या बहुतेक नाण्यांवर हा आकडा नाही, म्हणून कॉन्सलपदाचा आकडा धरावा लागतो. तो सम्राट हे पद मधूनमधूनच घेत असे, त्यामुळे काळाचे तुकडे सारखे नाहीत. कॉस 2 म्हणजे 98 ते 99, कॉस 3 म्हणजे 100, कॉस 4 म्हणजे 101 आणि 102, कॉस 5 म्हणजे 103 ते 111, कॉस 6 म्हणजे 112 पासून मृत्यूपर्यंत.

खरी अडचण पाच आणि सहा यांत येते. पाच म्हणजे एकटा ‘व्ही’, सहा म्हणजे ‘व्ही’ आणि त्यापुढे एक उभी दांडी. आकड्यानंतर लगेच ‘पीपी’ येतं आणि ‘पी’चीही उभी दांडीच असते. ‘पी’चं डोकं झिजलं की कॉस 5 चं नाणं कॉस 6 सारखं दिसतं आणि तारीख काही वर्षांनी सरकते. यावर उपाय म्हणजे ‘व्ही’नंतरच्या सगळ्या उभ्या दांड्या मोजायच्या. दोन असतील तर पाच, तीन असतील तर सहा. शिवाय हा भाग लेखाच्या शेवटी, उजवीकडे खाली येतो. ठसा चकतीच्या मध्यावर न बसता सरकला असेल तर तोच भाग चकतीबाहेर जातो. तेव्हा आकडा अंदाजाने भरू नका. ‘कॉस 5 किंवा 6’ असंच लिहा आणि मागच्या बाजूकडे वळा. चारसाठी चार दांड्या असतात, त्यामुळे दोन, तीन आणि चार यांतही हाच घोळ होतो. तिथे ‘दाक’ शोधा. ते बिरुद 102 च्या अखेरीस मिळालं. कॉस 4 सोबत ‘दाक’ असेल तर नाणं त्या वर्षाच्या शेवटच्या काही आठवड्यांतलं.

कॉस 6 ची वर्षं बिरुदांवरून आणखी विभागता येतात. ‘ऑप्टिमस’ हे 114 मध्ये अधिकृतपणे नावाचा भाग झालं, तेव्हा ते दर्शनी बाजूला, नावाला लागून येतं. मागच्या बाजूचं ‘सर्वोत्तम शासक’ हे शब्द 103 च्या सुमारापासूनच आहेत. त्यावरून 114 ठरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ‘पार्थिको’ हे पार्थियावरच्या (रोमच्या पूर्वेचं, इराणमधलं साम्राज्य) विजयाचं बिरुद 116 मधलं, आणि ते बऱ्याचदा मागच्या बाजूच्या लेखाच्या सुरुवातीला असतं. दर्शनी बाजूवर सापडलं नाही म्हणून नाहीच असं समजू नका.

नियम थोडक्यात असा: नाण्यावरचं सर्वांत उशिराचं बिरुद ‘याच्या आधीचं नाही’ हे ठरवतं, आणि जे बिरुद असायला हवं होतं पण नाही ते ‘याच्या नंतरचं नाही’ हे सुचवतं. दुसऱ्या भागावर थोडा कमी भरवसा ठेवायचा, कारण जागेअभावी बिरुदं गाळलीही जात.

मागची बाजू

दोन बोटांनी कडा धरून नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवा. आपल्या रुपयाच्या नाण्यात मागचं चित्र सरळ दिसतं, ट्राजनच्या रोममधल्या नाण्यात ते बहुधा उलटं दिसतं. ही दिशा घड्याळाच्या तासांत लिहितात, म्हणजे 6 किंवा 7.

मागे पुष्कळदा एक स्त्री उभी असते. ती कोण हे तिच्या हातातल्या वस्तूवरून ठरतं. तराजू असेल तर न्याय्य व्यवहाराची देवता, पंख आणि माळ असेल तर विजय, ऑलिव्हची फांदी असेल तर शांतता. हे प्रकार अनेक वर्षं चालले, त्यांतून तारखेला फारशी मदत होत नाही. खरी माहिती विशिष्ट चित्रांत आहे.

गुडघे पोटाशी घेऊन शोक करत बसलेला डेशियन कैदी आणि खाली ‘दाक काप’ ही अक्षरं असतील तर विषय डेशियाचा पाडाव. पहिलं युद्ध 101 ते 102, दुसरं 105 ते 106. दुसऱ्याच्या शेवटी राजा डेसिबॅलसने आत्महत्या केली. दोन युद्धांच्या मधल्या काळात दमास्कसच्या अपोलोडोरसने डॅन्यूबवर पूल बांधला. डिओ त्याचे दगडी खांब वीस सांगतो. शत्रू म्हणून पराभूत माणूस इतक्या वेगवेगळ्या रूपांत क्वचितच कोणत्या सम्राटाच्या नाण्यांवर आला असेल: कधी शांतिदेवतेच्या पायाखाली, कधी हत्यारांच्या ढिगावर, कधी हात मागे बांधलेला. त्याच्या अंगावरचे कपडे आणि वाकडी तलवार भिंगाखाली नीट पाहा, त्या वस्तू खऱ्या आहेत.

स्त्री, तिच्या पायाशी लहानसा उंट आणि ‘अराब अदक्यू’ असेल तर अरबस्तान. हा प्रांत 106 मध्ये जोडला गेला, पण ही नाणी त्यानंतर काही वर्षांनी, कॉस 5 च्या अखेरीस आणि कॉस 6 मध्ये निघाली. घटनेचं वर्ष आणि नाण्याचं वर्ष एकच धरलं तर इथे चूक होते. नाणं सांगतं ते राज्याने एखादी गोष्ट कधी जाहीर केली एवढंच.

स्त्री आणि तिच्याजवळ मूल, खाली ‘अलिम इताल’ हे इटलीतल्या मुलांच्या पोषणासाठी चालवलेल्या योजनेचं चित्र. इटलीतल्या वेलेइया इथे सापडलेल्या कांस्यपटावर या योजनेचे दरसुद्धा कोरलेले आहेत: औरस मुलाला महिन्याला 16 सेस्टर्शियस, मुलीला 12. म्हणजे हातातले चार डिनॅरियस ही एका मुलाची महिन्याची रक्कम. युद्धाच्या नाण्यांपुढे या नाण्याकडे दुर्लक्ष होतं, पण ट्राजनच्या राज्यकारभाराबद्दल ते जास्त सांगतं.

बांधकामांची नाणी कॉस 6 मध्ये गर्दीने येतात. 112 मध्ये लोकार्पण झालेला फोरम, उल्पिया बॅसिलिका हे मोठं सभागृह, दक्षिण इटलीतला ट्राजन रस्ता. षटकोनी बंदराचा सेस्टर्शियस तर नकाशाच आहे: सहा बाजूंनी गोदामं, मध्ये जहाजं. ते षटकोनी तळं रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाजवळ आजही आहे, एक बाजू सुमारे 357 मीटर. मे 113 मध्ये लोकार्पण झालेल्या स्तंभाच्या नाण्यावर टोकाला सम्राटाचा पुतळा दिसतो. आज त्या जागी 1587 मध्ये बसवलेला संत पीटरचा पुतळा आहे. म्हणजे मूळ स्तंभ कसा दिसत होता हे बोटाच्या पेराएवढ्या चित्रावरून कळतं. असं नाणं हाती आलं तर स्तंभावरचा वर चढत जाणारा पट्टा, पायथ्याचे गरुड आणि दार वेगवेगळे शोधा.

शेवटच्या वर्षांत ‘पार्थिया काप्ता’ म्हणजे पार्थिया जिंकली असं नाणं आहे, आणि रोमने पार्थियनांना राजा नेमून दिला असंही. पार्थियाची राजधानी टेसिफॉन पडली, सैन्य इराणच्या आखातापर्यंत पोहोचलं हे खरं. पण त्याच सुमारास मागे बंड उसळलं, ऑगस्ट 117 मध्ये सिलिसियातल्या सेलिनस इथे ट्राजन वारला आणि हेड्रियनने ते नवे प्रांत सोडून दिले. ही नाणी तारखेसाठी उत्तम, पण विजय टिकला का हे त्यांना विचारू नये.

बनावट ओळखताना

खरं नाणं ठशाखाली हातोड्याने पाडलेलं असतं. त्यामुळे अक्षरांच्या बाजू उभ्या व धारदार असतात आणि कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. या चिरा दोष नव्हेत. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरं लोण्यासारखी गोलसर होतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात, आणि कडेवर जोडाची रेषा किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. चुंबकाला चिकटलं तर विषय तिथेच संपला.

वजन कमी भरलं तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असण्याची शक्यता असते. अशी खोटी नाणी रोमन काळातही होत. झिजलेल्या उंचवट्यावर, म्हणजे गाल, कान आणि माळेच्या पानांवर, तपकिरी किंवा हिरवट तांबं उघडं पडलंय का पाहा. त्यांत दोन बाजूंची सांगडही पुष्कळदा चुकलेली असते: पुढे कॉस 5 आणि मागे 116 मधलं चित्र. नाणं खणखणीत वाजतंय का हे पाहण्यासाठी फरशीवर टाकू नका. दोन हजार वर्षांत चांदी ठिसूळ होते आणि तुकडे होऊ शकतात.

आपलं वाचन ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ या विनामूल्य संगणकीय सूचीशी ताडून पाहा. दोन्ही बाजूंचा लेख घालून शोधलं की जुळणारे प्रकार येतात. एखादं अक्षर वेगळं असेल तर आधी आपलंच वाचन पुन्हा तपासा.

भारतात सापडलेली नाणी

भारतात मिळालेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची संख्या सर्वांत मोठी, तीही कोइमतूरच्या आसपासच्या भागात. ट्राजनची नाणी कमी आणि ती मुख्यतः सोन्याची. नीरोनंतर चांदी हलकी झाली आणि व्यापाऱ्यांना जुनं, भरीव नाणं हवं होतं, हे त्याचं एक कारण मानतात. डिओ सांगतो की 107 मध्ये ट्राजनने जुनी झिजलेली नाणी वितळवली. संपर्क मात्र होता: डेशियाहून परतल्यावर त्याच्याकडे भारतीय दूतही आले होते, असं तोच लिहितो. भारतात सापडलेल्या ऑरियसवर डोक्याच्या वर दोन भोकं दिसली तर ती दागिन्यासाठी पाडलेली आहेत. ती नोंदवायची, बुजवायची नाहीत. राजाच्या चेहऱ्याची चांदीची नाणी इथे कशी रुजली हे पाहायचं तर नाशिकजवळच्या जोगलटेंभीला 1906 मध्ये मिळालेला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा अभ्यासावा. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे.

जपणूक आणि नोंद

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. आम्लाने चांदीचा वरचा थर जातो आणि अक्षरांची उरलीसुरली धारही. सुटी माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढा आणि पूर्ण कोरडं करा. पितळ-तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं ठेवा. धातूतले क्लोराइड दमटपणात पुन्हा जागे झालेले असतात आणि नाणं आतून खात जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच, आणि ते वेळोवेळी बदलायला हवं. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांतून सुटणारा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो. आम्लरहित कागदाची पाकिटं वापरा.

पाकिटावर लिहायचं ते एवढं: धातू आणि प्रकार, वजन, व्यास, दिशा, दोन्ही बाजूंचा लेख जसा दिसतो तसा, न दिसणारी अक्षरं चौकटी कंसात, चित्राचं वर्णन, काळ आणि तो कशावरून ठरवला. सापडलेलं ठिकाण माहीत असेल तर ते सर्वांत आधी.

शेतात किंवा पाया खणताना नाणी मिळाली तर ती वाटून घ्यायची नाहीत. 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्टनुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला अशी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. मडक्यात मिळाली असतील तर मडक्याचे तुकडेही ठेवा, नाणी वेगळी करू नका, जागेचा फोटो घ्या. साठ्यातलं सर्वांत उशिराचं नाणं तो साठा कोणत्या वर्षाच्या आधी पुरलेला नाही हे ठरवतं, आणि चार नाणी आधीच कुणी उचलली असतील तर नेमकं तेच गेलेलं असू शकतं.